उद्याच्या सुनावणीत काय विचारलं जाणार, हे आज कळू शकतं का?

प्रश्न : आमच्या घरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा विषय निघाला नाही असा महिना जात नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मधूनच बातमी येते, ‘सुनावणीची शक्यता’, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की सुनावणी झालीच नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कोणता खटला कोणत्या दिवशी चालणार हे महिनाभर आधी जाहीर होतं आणि त्या दिवशी कशावर वाद होणार, हे वर्तमानपत्रं लोकांना आधीच समजावून सांगतात. आपल्याकडे असं का होत नाही? आणि सुनावणीआधी माझ्यासारख्याला काही समजून घ्यायचं असेल तर काय वाचावं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचा भाचा म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं. ऑक्टोबर ते एप्रिल दर महिन्याला साधारण दोन आठवडे तोंडी युक्तिवाद होतात आणि त्यांचं वेळापत्रक कित्येक आठवडे आधी छापून येतं. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास मिळतो. वकिलासमोर पांढरा दिवा लागला की पाच मिनिटं उरली असं समजायचं आणि तांबडा लागला की थांबायचं. 2019 पासून वकिलाला पहिली दोन मिनिटं अडवायचं नाही असा संकेत आहे. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. अलीकडे वेळ थोडा पुढे सरकू देतात, पण युक्तिवाद बहुधा त्या दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपतो.

हा वक्तशीरपणा तिथेही पूर्वीपासून नव्हता. 1824 च्या ‘गिबन्स विरुद्ध ऑग्डेन’ या गाजलेल्या खटल्यात वकील कित्येक दिवस बोलत होते. पुढे दर बाजूला दोन तास, मग एक तास, आणि 1970 पासून अर्धा तास, असं त्या न्यायालयानं स्वतःच्या नियमांनी आवळत आणलं. ही पद्धत कुणीतरी ठरवून आणली आहे, ती आपोआप आलेली नाही. आपल्याबद्दल बोलताना हे लक्षात असू द्या.

आधी समजावून सांगणं तिथे शक्य होतं त्याची कारणं तीन आहेत. तारीख पक्की असते. पीठ माहीत असतं, कारण नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकत्र बसतात. आणि तिसरं कारण माझ्या मते सर्वांत मोठं आहे : खटला दाखल करून घेतानाच न्यायालय कोणत्या कायदेशीर प्रश्नाचं उत्तर देणार, हे लेखी ठरलेलं असतं. दरवर्षी हजारो अर्ज येतात, नऊपैकी चौघांना खटला घ्यावासा वाटला तरच तो घेतला जातो, आणि असे साधारण साठ खटले वर्षभरात चालतात. घेतलेल्या खटल्याचा प्रश्न बहुधा एका पानात मावतो. ते पान कुणालाही वाचायला मिळतं. पत्रकार तिथूनच सुरुवात करतो.

आता आपल्याकडे या. आपल्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांसह 34 न्यायमूर्तींची पदं आहेत आणि ते एकत्र बसत नाहीत. दोघांचं, तिघांचं अशी अनेक पीठं एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत काम करतात. कोणतं प्रकरण कुठल्या पीठाकडे जाणार हे सरन्यायाधीश ठरवतात. ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ हा त्यांचा अधिकार 2018 च्या निकालांनी पुन्हा पक्का केला. प्रलंबित प्रकरणं 80 हजारांवर आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 136 मुळे देशातल्या जवळजवळ कोणत्याही न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध विशेष परवानगी मागता येते. जमिनीचा वाद, जामीन, नोकरीतली बढती, घटस्फोट, सगळं तिथे पोचतं. आपण हे दार रुंद ठेवलं आहे आणि ते रुंदच असावं असं मला मनापासून वाटतं. साठ खटले निवडून बाकीच्यांना परत पाठवणारं न्यायालय आपल्याला परवडणारं नाही. पण त्या रुंद दारातून येणाऱ्या गर्दीत मोठ्या घटनात्मक खटल्यांची तारीखही चेंगरते.

सोमवार आणि शुक्रवार हे परंपरेनं नव्या प्रकरणांचे दिवस. प्रत्येक पीठासमोर त्या दिवशी डझनांनी प्रकरणं असतात आणि एकेकाला काही मिनिटंच मिळतात. मधले दिवस सविस्तर सुनावणीचे. आगाऊ यादी काही दिवस आधी निघते, पण जिला वकील ‘बोर्ड’ म्हणतात ती त्या दिवसाची खरी यादी आदल्या एक-दोन दिवसांत लागते आणि तिच्यामागून पुरवणी यादीही येते. बोर्डावर नाव आलं म्हणजे सुनावणी झाली असं नाही. वरच्या क्रमांकाचं प्रकरण लांबलं, आधीचं अर्धवट राहिलेलं प्रकरण पुढे चालू राहिलं, ज्येष्ठ वकील दुसऱ्या दालनात अडकले, एखादे न्यायमूर्ती त्या दिवशी आले नाहीत, कुणी मुदत मागितली, यांतलं एक कारणही पुरतं. घटनापीठ बसवायचं तर पाच न्यायमूर्ती एकाच वेळी मोकळे हवेत. म्हणजे तितके दिवस दोन-तीन पीठांचं रोजचं काम थांबवावं लागतं. तुमच्या दाव्यात आणखी एक गोष्ट आहे : महाराष्ट्र किंवा कर्नाटकाशी जवळचा संबंध असलेले न्यायमूर्ती पीठावर नसावेत, ही दोन्हीकडची अपेक्षा. त्यामुळे निवड आणखी आखडते.

याची किंमत लोक मोजतात. महाराष्ट्रातल्या महापालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांच्या निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या वादात कित्येक वर्षं अडकल्या आणि प्रत्येक तारखेकडे गावोगाव लोक डोळे लावून बसायचे. शेवटी 6 मे 2025 रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला. तोवर शहरांचा आणि जिल्ह्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. तारीख कधी लागणार हे माहीत नसलेला नागरिक त्या तारखेची तयारी करू शकत नाही, आपल्या प्रतिनिधीला जाबही विचारू शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय वाचावं. त्याचं उत्तर तारखेवर अवलंबून नाही, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

मोठं प्रकरण घटनापीठाकडे जातं ते बहुधा लहान पीठाच्या एका आदेशानं. हा प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, मोठ्या पीठानं ठरवावा, असं सांगणारा तो आदेश असतो आणि त्यात कारणं दिलेली असतात. मग घटनापीठ मुद्दे निश्चित करतं. हे दोन कागद मिळाले की येणाऱ्या युक्तिवादाचा नकाशा तुमच्या हातात आला. दोन्ही कागद न्यायालयाच्या संकेतस्थळावर असतात. वकिलांची भाषणं, पक्षांच्या प्रवक्त्यांची विधानं, वाहिन्यांवरच्या चर्चा, हे सगळं त्यानंतर.

मराठा आरक्षणाचा खटला घ्या. 27 जून 2019 ला मुंबई उच्च न्यायालयानं आरक्षण वैध ठरवलं, पण 16 टक्क्यांवरून ते शिक्षणात 12 आणि नोकऱ्यांत 13 टक्क्यांवर आणलं. 9 सप्टेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तिघांच्या पीठानं अंमलबजावणी थांबवली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. का पाठवलं? त्या आदेशात कारण आहे : 102 व्या घटनादुरुस्तीचा अर्थ. या दुरुस्तीनं 342अ हा नवा अनुच्छेद आणला होता. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग कोणते, हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार त्यामुळे उरला की गेला, हा वाद होता.

8 मार्च 2021 ला न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठानं सहा प्रश्न लिहून काढले आणि सर्व राज्यांना नोटिसा दिल्या. पहिला प्रश्न असा की 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा आणखी मोठ्या पीठाकडे फेरविचाराला पाठवावी का. दुसरा आणि तिसरा महाराष्ट्राच्या कायद्याबद्दल आणि मराठा समाजाला मागास ठरवणाऱ्या गायकवाड आयोगाच्या अहवालाबद्दल. चौथा, पाचवा, सहावा 102 वी दुरुस्ती, राज्यांचे अधिकार आणि संघराज्याची रचना यांबद्दल. म्हणजे सहापैकी निम्मे प्रश्न त्या रुक्ष वाटणाऱ्या दुरुस्तीचे होते.

आपल्याकडची जवळजवळ सगळी चर्चा मात्र 50 टक्क्यांवर झाली. ते साहजिक आहे. लाखो तरुणांचं भवितव्य त्या आकड्याशी बांधलेलं होतं आणि त्या प्रश्नाचं दुःख खरं होतं. 15 मार्चपासून दहा दिवस सुनावणी झाली आणि 5 मे 2021 ला निकाल आला. 50 टक्क्यांच्या मर्यादेला पाचही न्यायमूर्तींनी हात लावला नाही. पीठ फुटलं ते 102 व्या दुरुस्तीवर, तीन विरुद्ध दोन असं. राज्यांचा मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार गेला, असं तिघांनी म्हटलं. त्याचा परिणाम एकट्या महाराष्ट्रावर नाही, देशातल्या प्रत्येक राज्यावर झाला. संसदेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 105 वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत द्यावा लागला. 8 मार्चचा आदेश ज्यानं शांतपणे वाचला असेल, त्याला हे वळण कुठून येऊ शकतं हे दोन महिने आधीच दिसलं असतं.

अमेरिकेतही, सगळी माहिती आधी मिळत असताना, असंच झालेलं आहे. 2012 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर तीन दिवस सुनावणी झाली. विमा घेण्याची सक्ती संसद व्यापार नियंत्रणाच्या अधिकारात करू शकते का, हा मुख्य वाद. न्यायमूर्ती केनेडी यांचे प्रश्न कडक होते, सरकारी वकील अडखळले, आणि कायदा पडणार असं अनेक जाणकार त्याच संध्याकाळी सांगू लागले. 28 जूनला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार मतांनी कायद्यातली ती तरतूद टिकवली. त्यांनी आधार घेतला तो सरकारच्या दुसऱ्या, पर्यायी मुद्द्याचा : विमा न घेणाऱ्याला द्यावी लागणारी रक्कम हा एक कर आहे आणि कर लावण्याचा अधिकार संसदेला आहे. हा मुद्दा लेखी निवेदनात होता. दालनातल्या नाट्यात त्याच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मुद्द्यांची यादी हातात आली की जो मुद्दा सगळ्यांत कोरडा वाटतो, तो दोनदा वाचा. अधिकारक्षेत्र कुणाचं, याचिका टिकते का, कोणत्या अनुच्छेदाखाली आली, आधीचा निकाल किती न्यायमूर्तींचा होता, अशा प्रश्नांवर मोठे खटले फिरतात. त्यानंतर दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं मिळाली तर पाहा. घटनापीठाच्या प्रकरणांत हल्ली दोन्ही बाजूंकडून एकेक समन्वयक वकील नेमतात. ते सगळे निकाल आणि कागद एकत्र बांधून देतात आणि कोण किती वेळ बोलणार याचा तक्ताही करतात. वेळेच्या आखणीनं काय फरक पडतो पाहा : 1972-73 मध्ये केशवानंद भारती खटला 68 दिवस चालला. तेरा न्यायमूर्तींसमोर एका बाजूनं नानी पालखीवाला आणि दुसऱ्या बाजूनं एच. एम. सिरवई, दोघेही मुंबईचे, आठवडेच्या आठवडे उभे होते. कलम 370 वरची सुनावणी 2023 मध्ये 16 दिवसांत संपली. वेळ आखता येतो, हे आपल्या न्यायालयानंही दाखवून दिलं आहे.

हे सीमाप्रश्नाला लावून पाहू. महाराष्ट्राचा दावा अनुच्छेद 131 खालचा मूळ दावा आहे, म्हणजे दोन राज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात. महाराष्ट्राची मांडणी आपल्याला पाठ आहे : खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता पाहा, भाषिक बहुसंख्या पाहा, लोकांची इच्छा पाहा, 865 गावांवरचा हक्क त्यातून येतो. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्रानं का नाकारला तेही आपण जाणतो. पण सविस्तर युक्तिवाद उभा राहील त्या दिवशी पहिला तास बहुधा यातल्या कशावरही जाणार नाही. कर्नाटकाचा प्राथमिक आक्षेप असा आहे की राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद 3 नुसार फक्त संसदेला आहे, 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा संसदेनं केला आहे, आणि न्यायालयानं त्यात पडू नये. हा आक्षेप मान्य झाला तर नकाशे, शिरगणतीचे आकडे, ठराव, साक्षी, काहीच उघडलं जाणार नाही. फेटाळला गेला तरच बाकीचं सुरू होईल.

सीमाभागात या प्रश्नावर जी भाषणं होतात त्यांत अनुच्छेद 3 चं नाव फारसं ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्यांनी या लढ्यात पिढ्या घालवल्या त्यांना आपला खटला कोणत्या उंबऱ्यावर अडू शकतो, हे स्वच्छ मराठीत सांगायला हवं. दावा दाखल करणाऱ्या सरकारनं ते सांगायला हवं आणि आम्ही लिहिणाऱ्यांनीही.

न्यायालयाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. रोजच्या हजारो प्रकरणांची तारीख महिनाभर आधी सांगा असं कुणी म्हणणार नाही. पण घटनापीठाची प्रकरणं वर्षाला मोजकीच असतात. त्यांच्यापुरतं तारीख, पीठ, मुद्दे आणि दोन्ही बाजूंची संक्षिप्त निवेदनं चार आठवडे आधी एका ठिकाणी लावता येतील. निकालांचे मराठी अनुवाद न्यायालय करून देतंच आहे. मग सुनावणीआधीच्या त्या एका पानाचा अनुवाद का होऊ नये? सुनावणी इंग्रजीत चालते, अनुच्छेद 348 तसं सांगतो. मुद्द्यांचं पान मराठीत देण्याच्या आड तो येत नाही.

प्रश्न : थेट प्रक्षेपण पाहताना न्यायमूर्तींच्या प्रश्नांवरून निकालाचा अंदाज बांधावा का? (याच पत्रातला पुढचा प्रश्न)

उत्तर : प्रक्षेपण जरूर पाहा. 2018 च्या स्वप्नील त्रिपाठी निकालानं त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांच्या सुनावण्या घरबसल्या दिसू लागल्या. पहिल्याच दिवशी आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाबरोबर शिवसेनेतल्या फुटीचा खटला होता. यंत्राच्या मदतीनं युक्तिवादाचं शब्दांकन सुरू झालं तेही त्याच खटल्यात, फेब्रुवारी 2023 मध्ये. इंग्रजी वाचता येत असेल तर हे शब्दांकन प्रक्षेपणापेक्षा उपयोगी पडतं, कारण मागे जाऊन पुन्हा पाहता येतं.

अंदाज मात्र बांधू नका. आपले न्यायमूर्ती ज्या बाजूला झुकलेले असतात तिलाही अवघड प्रश्न विचारतात. निकाल लिहिताना ज्या आक्षेपाला तोंड द्यावं लागणार, त्याचं उत्तर त्यांना वकिलाकडून हवं असतं. कोण रागावलं, कोण हसलं, यापेक्षा एक गोष्ट टिपून ठेवा : यादीतल्या कोणत्या मुद्द्यावर पीठ पुन्हा पुन्हा परत येतंय.

प्रश्न : आणि निकाल कधी लागणार हे तरी आधी कळतं का?

उत्तर : निकाल राखून ठेवला की तारीख जाहीर होत नाही. ज्या दिवशी लागणार त्याच्या थोडं आधी बोर्डावर येतो. पण पीठातले कोणते न्यायमूर्ती कधी निवृत्त होणार, हे पाहून ठेवा. ज्यांनी सुनावणी ऐकली त्यांनी निवृत्तीआधी निकाल दिला नाही तर सगळं पुन्हा ऐकावं लागतं. केशवानंद भारतीचा निकाल 24 एप्रिल 1973 चा, सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले ते 25 एप्रिलला. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा निकाल 7 नोव्हेंबर 2022 ला, सरन्यायाधीश लळीत यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी. शिवसेनेचा निकाल 11 मे 2023 ला आला आणि त्या पीठातले न्यायमूर्ती एम. आर. शहा 15 मेला निवृत्त झाले. समलिंगी विवाहाचा निकाल 17 ऑक्टोबर 2023 चा. न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा शेवटचा दिवस 20 ऑक्टोबर. कलम 370 चा 11 डिसेंबरला, न्यायमूर्ती कौल 25 डिसेंबरला निवृत्त. न्यायमूर्ती वयाच्या 65 व्या वर्षी निवृत्त होतात आणि प्रत्येकाची जन्मतारीख न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिलेली असते.